नगरचीं वस्तुसंग्रहालयें आणि हरवलेली राजधानी

जुन्या राजधानीचें शहर पाहावयास निघालेल्या माणसाला आपण सामान्यतः प्रथम वस्तुसंग्रहालयाकडे पाठवितों. हैदराबादेस किंवा जयपुरास हा रिवाज सुखेनैव चालतो. कारण तेथें राज्य करणाऱ्यांच्या तरवारी, वस्त्रें, चित्रें व भांडीं, निदान कांहीं अंशानें तरी, त्याच शहरांत जतन होऊन राहिलीं आहेत. परंतु आमच्या महाराष्ट्रांत एक राजधानी अशी आहे कीं, तिच्या वस्तुसंग्रहालयांत जाऊन मनुष्य पुष्कळ पाहतो, पुष्कळ शिकतो, आणि ती राजधानी मात्र न पाहतांच बाहेर पडतो. ती राजधानी म्हणजे अहमदनगर. २०२४ पासून जिचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे, आणि जिला जिल्ह्यांतला माणूस पूर्वीप्रमाणें आजही नुसतें ‘नगर’ म्हणतो.

मलिक अहमदानें २८ मे १४९० रोजीं बहामनी सैन्याचा मोड करून जेथें स्वातंत्र्य मिळविलें, तेथेंच, सीना नदीच्या कांठीं, १४९४ मध्यें त्यानें हें शहर वसविण्यास आरंभ केला. दोनतीन वर्षांतच तें बगदाद व कैरो यांच्या तोडीचें झालें, असें फिरिश्ता लिहितो. इतिहासकारांच्या लेखणीला अतिशयोक्तीचें वावडें नसतें हें खरें. तथापि ज्या शहराविषयीं एवढी अतिशयोक्ति करावीशी वाटली तें शहर अगदींच सामान्य खास नसेल. १६०० च्या ऑगस्टांत अकबराच्या फौजेनें किल्ला घेतला आणि राजधानी म्हणून नगरचें आयुष्य संपलें. पुढें मलिक अंबरानें, आणि अखेरीस शहाजीराजांनीं, निजामशाहीचें सिंहासन कधीं परांड्यास, कधीं जुन्नरास, कधीं दौलताबादेस हलवीत १६३६ पर्यंत जगविलें. मधून नगरचा किल्ला अंबराच्या हातीं आलाही. पण दरबार कांहीं पुन्हां तेथें भरला नाहीं.

ही परक्यांची कथा म्हणून मराठी वाचकानें बाजूस सारावी, अशी मुळींच नाहीं. मलिक अहमदाचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मणाचा मुलगा, व त्याचें घराणें पाथरीच्या कुळकर्ण्यांचें, असें फिरिश्ताच सांगतो. बुऱ्हाण निजामशहानें १५२९ मध्यें एका ब्राह्मणाला आपला पेशवा केलें. म्हणजे शनिवारवाड्याचा पाया खणला जाण्यापूर्वीं दोनशें वर्षें नगरास ब्राह्मण पेशवा होऊन गेला होता. मालोजीराजांनीं आपल्या मुलांचीं शहाजी व शरीफजी हीं नांवें नगरच्या शहा शरीफ पिरावरून ठेवलीं, ही कथा तर सर्वश्रुत आहे. भोंसल्यांच्या घराण्याची उमेदवारी ज्या दरबारांत झाली तो दरबार आपण पाहूं शकत नाहीं, ही उणीव केवळ पुराणवस्तूंच्या छांदिष्टांना बोंचणारी नव्हे.

नगरास पाहुण्याला दाखविण्याजोगीं स्थळें मुख्यतः तीन. अहमदनगर ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय हें त्यांतलें पहिलें. महाराष्ट्र राज्य स्थापन झालें त्याच वर्षीं, १९६० मध्यें, हें सुरू झालें, आणि एखाद्या जिल्ह्याच्या गांवीं अशी संस्था इतकीं वर्षें उभी राहावी ही गोष्ट लहान नव्हे. मोडी कागदांचीं दप्तरें, हस्तलिखित पोथ्या, नाणीं, शस्त्रें, गणपतीच्या नाना तऱ्हेच्या मूर्ति, आणि पाहणारा ज्यापुढें हटकून थबकतो ती कित्येक हात लांबीची जन्मपत्रिका, असा हा संग्रह आहे. त्यांत फिरतांना आपण एखाद्या मोठ्या, जुन्या, खानदानी मराठी वाड्यांतून हिंडत आहों असें वाटूं लागतें. माझ्या मतें या संग्रहाचा गुणही हाच आणि मर्यादाही हीच. आपल्याकडे वस्तु टिकते ती देवघरांत, दप्तरांत, किंवा माळ्यावरच्या पेटींत. ज्यांचीं घरें टिकलीं त्यांच्याच वस्तु टिकल्या. घरें टिकलीं तीं अठराव्या शतकांतल्या सरदारांचीं, देशमुख-कुळकर्ण्यांचीं व शास्त्र्यांचीं. निजामशहाच्या वाड्यांतला माळा मोंगलांनीं झाडून नेला, त्यानंतर पेशव्यांनीं, त्यानंतर १८०३ मध्यें जनरल वेल्स्लीनें किल्ला घेतला. अशा ठिकाणीं सोळाव्या शतकाची पेटी कोण कोठून आणून देणार? संग्राहकांना दोष देणें अन्यायाचें होईल. पण दोष कोणाचा नसला तरी पोकळी ती पोकळीच.

दुसरें स्थळ लष्कराचें रणगाडा संग्रहालय. तें १९९४ मध्यें उघडण्यांत आलें. लहान मुलांना घेऊन नगरास गेलेल्या कुटुंबाचा अर्धा दिवस येथेंच जातो, आणि तो वायां जातो असें मी म्हणणार नाहीं. रोल्स-रॉइस कंपनीची जुनी चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धांतले ‘व्हॅलेंटाईन’ व ‘चर्चिल’, १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानाकडून जिंकलेले ‘पॅटन’, आवडीच्या कारखान्यांत तयार झालेला आपला ‘विजयंता’ असे पन्नासाच्या आसपास लोखंडी गजराज तेथें ओळीनें उभे आहेत. यंत्र कोठलें, कोणत्या सालचें, कोणत्या रणांगणावर गेलें, याची माहिती ज्याच्या त्याच्यापुढें लावलेली. हेंच खरें वस्तुसंग्रहालयाचें शास्त्र. वस्तु आणि तिची हकीकत एकाच दृष्टिक्षेपांत मिळाली पाहिजेत. मौज अशी कीं, ज्या गांवीं १५४९ मध्यें हिंदुस्थानांतली एक अत्यंत प्रचंड तोफ ओतली गेली, त्याच गांवीं आज जगांतल्या तोफगाड्यांचा इतिहास इतक्या नीटनेटकेपणें मांडला आहे, आणि त्या तोफेचा मात्र तेथें संबंध येत नाहीं.

ती तोफ म्हणजे विजापूरची सुप्रसिद्ध ‘मलिक-इ-मैदान’. विजापूरची असें आपण म्हणतों. वस्तुतः ती नगरची लेंक, सासरीं नांदणारी. बुऱ्हाण निजामशहाच्या चाकरींत असलेल्या महंमद बिन हसन रूमी नांवाच्या कारागिरानें ती नगरास ओतली. १४ फुटांहून अधिक लांबीची, वजनानें ५० टनांच्या वर, आणि तोंडाशीं हत्तीला चावणाऱ्या अक्राळविक्राळ जनावराचा जबडा. ही तोफ परांड्यास गेली, आणि १६३२ मध्यें तेथून मुरार जगदेवानें ती विजापुरास नेली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरविणारा म्हणून आपण ज्याला ओळखतों तोच हा. तिच्या अंगावर कारागिराचा लेख आहे, आणि विजापूर पडल्यावर औरंगजेबानें आपल्या विजयाचा दुसरा लेख तिच्यावरच कोरविला. एका धातूच्या अंगावर तीन राज्यांचा इतिहास! १८५४ मध्यें इंग्रज अधिकाऱ्यांनीं ती निरुपयोगी म्हणून लिलावांत काढली तेव्हां सर्वांत मोठी बोली अवघ्या १५० रुपयांची आली, आणि म्हणून ती वांचली, असें सांगतात. बोली करणाऱ्याला ती उचलून न्यावयाची कशी ही विवंचना पडली असावी. विजापूरच्या बुरुजावर ती आज आहे तेथें शोभते. ती परत आणा असें म्हणणारा मनुष्य शहाणा म्हणतां येणार नाहीं. पण तिच्या लेखाचा एक ठसा, तिच्या जबड्याची एक प्रतिकृति, ती ज्या शहरांत जन्मली तेथें असूं नये काय?

तोफ निदान दोन दिवसांच्या वाटेवर आहे. चित्रांची गोष्ट याहून विलक्षण. निजामशाही दरबारचीं चित्रें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं आहेत. त्यांत शिरोमणि म्हणावा असा ग्रंथ पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें आफताबी नांवाच्या कवीचें फारसी काव्य. हुसेन निजामशहाची स्तुति, आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत त्याला व त्याच्या मित्रांना मिळालेला जय, हा त्याचा विषय. या पोथींत बारा चित्रें शिल्लक आहेत. मंडळानें १९८७ मध्यें ही पोथी छापून प्रसिद्धही केली. या चित्रांविषयीं मला येथें थोडें विस्तारानें लिहिणें प्राप्त आहे, कारण राजधानी हरवली म्हणजे नक्की काय हरवलें, तें यांतूनच कळतें.

या काव्यांत राजाइतकेंच राणीचें, खुंजा हुमायून हिचें, वर्णन आहे, आणि चित्रकारानें तिला राजाच्या शेजारीं सिंहासनावर बसविलें होतें. मुसलमानी दरबारच्या चित्रांत राणीचें असें उघड दर्शन जवळजवळ नाहींच. हुसेनशहा १५६५ मध्यें वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार राणीनें हातीं घेतला. चार वर्षांनीं, १५६९ मध्यें, त्याच मुलाच्या नांवानें तिला कैद करण्यांत आलें. आणि मग कोणीतरी या पोथीच्या चित्रांत हात घातला. बहुतेक ठिकाणीं राणीची आकृति खरवडून किंवा वर रंग देऊन नाहींशी केलेली आहे. सिंहासनावर राजाच्या शेजारीं एक डाग तेवढा बसलेला दिसतो. राजकारणांतून माणूस उठला कीं त्याला चित्रांतूनही उठवावयाचें, ही विद्या विसाव्या शतकांतल्या हुकूमशहांनीं शोधून काढली असें मानण्याची चाल आहे. नगरास ती चारशें वर्षांपूर्वीं अवगत होती. एका चित्रांत मात्र तरुणीच्या स्पर्शानें झाड फुलारून आलेलें दाखविलें आहे. हा ‘दोहद’ होय! कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त मालविकेच्या पादस्पर्शानें अशोक फुलतो तो संकेत ज्यांनीं संस्कृत शिकतांना वाचला असेल, त्यांनीं तोच संकेत फारसी काव्याच्या पोथींत, नगरच्या चित्रकाराच्या हातून उतरलेला पाहावा आणि मग निजामशाहीला ‘परकी’ म्हणावयाचें कीं काय तें ठरवावें.

आणखी मासले परदेशांत आहेत. १५७५ च्या सुमाराचें मानलेलें नगरच्या सुलतानाचें एक अप्रतिम चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. मलिक अंबराचें कपट डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयांत लटकत आहे असें म्हटलें तर वाचक दचकतील. पण तेथें जहांगिराच्या अबुल हसन नांवाच्या चित्रकारानें १६१६ च्या सुमारास काढलेलें चित्र आहे, त्यांत पृथ्वीगोलावर उभा राहून बादशहा भाल्याच्या टोंकावर लावलेल्या अंबराच्या मुंडक्याला बाण मारीत आहे. प्रत्यक्षांत अंबर त्यानंतर दहा वर्षें जगला, बादशहाला तितकींच वर्षें छळीत राहिला, आणि १६२६ मध्यें धडावर डोकें शाबूत असतांनाच वारला. जें रणांगणावर साधलें नाहीं तें कुंचल्यानें साधून घेतलें! कपट आहे तें या अर्थानें, आणि तें अंबराचें नव्हे, बादशहाचें. चांदबिबीच्या नांवानें प्रसिद्ध असलेलीं ससाणा हातीं घेतलेल्या अश्वारूढ स्त्रीचीं चित्रें तर तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं व त्यानंतरचीं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयांतलेंही १७०० च्या सुमाराचेंच. त्याच न्यूयॉर्कच्या संग्रहालयानें २०१५ मध्यें दक्षिणेंतल्या सुलतानांच्या कलेचें जें थोर प्रदर्शन भरविलें, त्यांत अहमदनगरच्या कलेचा स्वतंत्र विचार झाला. म्हणजे नगरचा दरबार न्यूयॉर्कास कांहीं आठवडे भरला. नगरास तो भरावयाचा आहे.

येथें कोणी म्हणेल, ‘वस्तु नसतील, पण वास्तु आहेत ना? शहरच वस्तुसंग्रहालय समजा!’ हें वाक्य आजकाल फार ऐकूं येतें, आणि त्यांत आळस किती व विचार किती हें तपासण्याजोगें आहे. वास्तु आहेत खऱ्याच. १५६७-६८ ची दमडी मशीद दगडावरच्या नक्षीसाठीं अवश्य पाहावी. बागरोजांत मूळ पुरुष अहमद निजामशहा निजला आहे. १५८३ मध्यें सलाबतखानाच्या देखरेखीखालीं पुरा झालेला फराहबाग, ज्याला लोक फऱ्याबाग म्हणतात, आपल्या कोरड्या तलावाच्या मध्यें अष्टकोनी अंग सांवरून अजून उभा आहे. याच जागेवर आधीं बांधलेला महाल सुलतानाच्या पसंतीस उतरला नाहीं म्हणून पाडून हा नवा बांधविला. भोंवतालीं पाणी, त्यांत प्रतिबिंब, आणि तें पाणी डोंगराकडून खापरी नळांनीं आणलेलें, ही सारी रचना ज्याला ठाऊक आहे त्याला हा महाल समजतो. ज्याला ठाऊक नाहीं त्याला तो चुन्याचा गिलावा गळालेला एक मोठा, उदास, कोरडा सांगाडा दिसतो. मुलें प्रतिध्वनि काढून पाहतात आणि मंडळी परत फिरतात. वास्तु बोलत नाहीं. तिला कोणीतरी बोलतें करावें लागतें.

आणि बोलतें न केल्यास काय होतें याचा पुरावा पाथर्डीच्या रस्त्यानें गेल्यास डोंगरावर उभा आहे. नगरास येणारा प्रत्येक जण ‘चांदबिबीचा महाल’ पाहून येतो. शहाडोंगराच्या माथ्यावरची ती तीन मजली, अष्टकोनी, वारा पिऊन उभी असलेली इमारत चांदबिबीचीही नव्हे आणि महालही नव्हे. ती दुसऱ्या सलाबतखानाची कबर आहे. ज्यानें फराहबाग पुरा केला तोच हा मंत्री. चांदबिबीनें १५९५-९६ च्या वेढ्यांत खिंडार पडलेल्या तटावर उभें राहून मुरादाची फौज थोपविली, त्या पराक्रमाची स्मृति लोकांना इतकी प्रिय कीं, तिला साजेशी इमारत त्यांनीं दुसऱ्याची घेऊन तिला अर्पण केली. लोकांच्या या औदार्याचें मला कौतुकच वाटतें. पण राज्यांतला एक थोर मुत्सद्दी आपल्याच थडग्यांतून हद्दपार झाला, हेंही विसरतां येत नाहीं. हें अज्ञान नव्हे. जेथें सांगणारा कोणी नसतो तेथें लोक आपली कथा आपण रचून घेतात.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे. नगरास निजामशाहीचें एक दालन असावें, आणि त्यांत मूळ वस्तु मिळत नाहींत म्हणून थांबूं नये. पुण्याच्या पोथींतल्या बाराही चित्रांच्या उत्तम रंगीत प्रति, मूळ मापाच्या, राणीच्या पुसलेल्या आकृतीसुद्धां. शेजारीं आफताबीच्या काव्याचा सरळ मराठी अर्थ. तोफेच्या दोन्ही लेखांचे ठसे. खापरी नळांचा नकाशा, कापूरवाडीकडचें पाणी कोणत्या वाटेनें शहरांत येई तें दाखविणारा. आणि डब्लिनचें तें खोटें मुंडकें, खालीं अंबराच्या मृत्यूचें खरें साल लिहून. याला खर्च फार लागत नाहीं. विद्वत्ता मात्र थोडी लागते, आणि फारसी वाचणारा एखादा माणूस लागतो. मोडीचे वर्ग आपण चालवितों तसे फारसीचेही चालविले असते तर हा माणूस शोधावा लागला नसता.

‘प्रतिकृति म्हणजे खोटें नाणें,’ असा आक्षेप येईल. तो मला मान्य नाहीं. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत १८७३ पासून रोमच्या ट्राजनस्तंभाचा प्लास्टरचा सांचा दोन तुकड्यांत उभा आहे, आणि रोमला जाऊनही ज्यांना स्तंभाच्या वरच्या अंगाचीं चित्रें खालून दिसत नाहींत ते येथें तीं पाहतात. खोटें नाणें तें, जें खरें म्हणून चालवितात. प्रतिकृतीखालीं ‘प्रतिकृति’ असें लिहिलें कीं ती खरीच. उलट शहाडोंगरावरची कबर अगदीं अस्सल, दगडन्‌दगड सोळाव्या शतकांतला, आणि नांव मात्र भलत्याचें. यांतलें खोटें नाणें कोणतें?

तिसरें स्थळ मीं मुद्दाम मागें ठेविलें होतें. तें किल्ला. हुसेन निजामशहानें १५५९ पासून मातीचा तट पाडून दगडी बांधविला. वाटोळा, खंदकाचा, अद्यापि भव्य. किल्ला लष्कराकडे आहे, आणि पाहणारे तेथें जातात ते मुख्यतः नेत्यांच्या खोल्या पाहण्यासाठीं. ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेसच्या कार्यकारिणीचे बारा सभासद येथें आणून कोंडले. आझादांनीं ‘गुबार-ए-खातिर’ मधलीं पत्रें येथें लिहिलीं. पंडित नेहरूंनीं १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेंच लिहून काढला. त्या खोलीशीं आपण आदरानें उभे राहतों, तें योग्यच आहे.

पण त्या ग्रंथाच्या आरंभींच एक हकीकत आहे, तिच्याकडे मीं फारच थोड्या लोकांचें लक्ष गेलेलें पाहिलें. तुरुंगांतलें रिकामपण घालविण्यासाठीं पंडितजी अंगणांत बाग करूं लागले. जमीन खडकाळ, जुन्या पडझडीच्या दगडमातीनें भरलेली. खणतां खणतां जमिनीखालीं जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले. फार खोल जातां येईना. अधिकाऱ्यांना कैद्यांचें पुराणवस्तुसंशोधन मंजूर नव्हतें, आणि कुदळीही त्या कामाच्या नव्हत्या. तरी एकदां भिंतीच्या बाजूस, बहुधा दाराच्या वर असावें तसें, दगडांत कोरलेलें एक सुंदर कमळ त्यांच्या हातीं लागलें. चांदबिबीची आठवणही त्यांना त्याच पानांत होते.

निजामशहाच्या वाड्यापर्यंत कुदळ पोंचली ती अशी, बागेच्या वाफ्यासाठीं, आणि खणणारा होता इंग्रजांचा कैदी. त्या खोलीचें दार उघडून पाहुण्यांना जो कोणी आंत नेतो, त्यानें परत फिरतांना दोन पावलें बाहेर अंगणांत थांबून पायांखालच्या जमिनीकडेही बोट करावें.